गावाकडचे आई-वडील शहरातल्या फ्लॅटमध्ये रमत नाहीत, त्यांना कसं समजवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पारोळा तालुक्यातल्या गावाहून आप्पांना (६९) आणि आईला (६३) जळगावच्या फ्लॅटमध्ये आणून दोन महिने झाले. आप्पा रात्री जागे असतात, दिवसा सोफ्यावर पेंगतात आणि कशावरूनही चिडतात. आई ओट्याशी उभी राहत नाही, जेवणही निम्म्यावर आलंय. हा बदल त्यांनी मनापासून स्वीकारावा म्हणून काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते काही सांगूच नका. "इथे तुम्हाला काय कमी आहे?" हे तर अजिबात नको. म्हाताऱ्या माणसाला तो प्रश्न हिशेब मागितल्यासारखा लागतो. त्यांची चार खोल्यांची जागा गेली हे आपल्याला दिसतं. उठायची वेळ, हातातलं काम, पायाखालची वाट आणि तोंडातली बोली गेली, हे दिसत नाही. ते परत बसवायचं. मन त्यामागून येतं, आधी येत नाही.

सुरुवात रात्रीच्या वाटेपासून करा, कारण तिथली चूक खुब्याच्या हाडावर जाते. झोपेतून उठलेला माणूस डोळ्यांपेक्षा पायांच्या सवयीने चालतो. गावी बाजेवरून डाव्या बाजूने उतरून अंगणाकडे वळायची पन्नास वर्षांची सवय असेल आणि इथे डावीकडे भिंत असेल, तर पहाटे तीन वाजता ते भिंतीवर आदळणार. म्हणून पलंग असा फिरवा, की उतरायची आणि वळायची बाजू गावच्यासारखीच राहील. पलंगाची उंची साधारण ४५ सेंमी हवी, म्हणजे बसल्यावर पाय जमिनीवर पूर्ण टेकतात. गावची बाज आणायची तर खुशाल आणा, पण नवार ताणून घ्या. झोळ पडलेल्या बाजेवरून उठताना तोल जातो. संडासापर्यंत घोट्याच्या उंचीवर मंद दिवा ठेवा. वाटेतलं पायपुसणं उचला.

संडासात ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायचा भिंतीतला दांडा, हवाच. टॉवेलचा रॉड धरून उठणारे पुष्कळ असतात, आणि तो रॉड माणसाच्या वजनासाठी नसतो. बार सव्वा ते दीड इंच जाडीचा घ्या, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर लावा. प्लॅस्टिकच्या गिट्टीत बसवलेला बार सहा महिन्यांत हलायला लागतो, त्यामुळे अँकर फास्टनरच (भिंतीत फुलून घट्ट बसणारा धातूचा बोल्ट) वापरायला सांगा. भोक पाडण्याआधी भिंतीवरच्या फरशीवर टिचकी मारून बघा. पोकळ आवाज आला तर जागा बदला.

आता यातलीच एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. कमोड अवघड वाटतो म्हणून म्हातारी माणसं पाणी पिणं कमी करतात. खान्देशातल्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्याचा परिणाम लगेच दिसतो: लघवी गडद, पोट साफ नाही, मग लघवीचा जंतुसंसर्ग, आणि एक दिवस माणूस अचानक भलतंच बोलायला लागतो. घरचे म्हणतात, इथलं पाणी मानवलं नाही. सकाळी दोघांसाठी दोन-दोन लिटर वेगळं भरून ठेवा, बरंचसं संध्याकाळी सहाच्या आत संपवायला लावा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, तर मात्र तेच पाळा.

आप्पांची झोप बिघडली याचं कारण बहुतेक तुमच्या दिवाणखान्यात सापडेल. गावी ते नऊच्या आत झोपत असणार. इथे टीव्ही अकराला बंद होतो. पहाटे साडेचारला डोळा उघडतो, पण घर सातपर्यंत झोपलेलं, म्हणून आवाज न करता पडून राहायचं. त्यांना पहाटे उठू द्या. दूध, साखर, चहापत्ती हाताशी ठेवा आणि गॅस लावायची मोकळीक द्या. उजाडलं की अर्धा तास बाहेर. उन्हाळ्यात आठच्या आत परत. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं. घरात ट्यूबलाइटखाली काही शे लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो, बाहेर सावलीतसुद्धा काही हजार. बाल्कनीच्या जाळीमागे बसून तेवढं होत नाही. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची. हे आठवडाभर रोज झालं तरच फरक पडतो. रविवारीही सूट नको.

आईचं दुखणं ओट्याच्या उंचीत असू शकतं. ओटा साधारण ३२-३४ इंचांचा असतो. जन्मभर बसून भाकरी थापलेल्या, पाच फुटांच्या आतल्या बाईचा खांदा तिथे तासाभरात भरून येतो, आणि ती "मला भूकच नाही" एवढंच सांगते. यावर लोक शेगडी जमिनीवर मांडून देतात. ते करू नका: स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो, आणि शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी असा नियमच आहे. शेगडी ओट्यावरच राहू द्या. परातीसाठी २६-२८ इंचांचं न डुगडुगणारं टेबल आणि खुर्ची द्या; आई बसून थापेल, सूनबाई तव्यावर टाकेल. इंडक्शन असेल तर गावचा खोलगट तवा त्यावर नीट टेकत नाही आणि भाकरी विस्तवावर फुगत नाही. एक गॅसची शेगडी लागेलच. पीठही गावच्यासारखंच हवं. कळण्याच्या भाकरीला एक किलो ज्वारीला पाव किलो अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळून आणा. गिरणीवाल्याला गव्हावर दळू नको म्हणून सांगा, नाहीतर भाकरी चिकट होते.

काम देताना विरंगुळा म्हणून देऊ नका. केलं नाही तर घराचं अडेल, असं काम द्या. भाजी आणणं आप्पांकडे पूर्ण सोपवा, खिशात पाचशे रुपये रोख ठेवा आणि भाव विचारू नका. भरताचं वांगं आकाराच्या मानाने हलकं, म्हणजे कमी बियांचं, हे ते तुमच्यापेक्षा चांगलं ओळखतात. मोबाइलवरचे पैसे महिन्या-दोन महिन्यांनी शिकवा, आणि पहिला धडा हा: पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

घरात अहिराणी बोला. नातवंडं "शे" (म्हणजे "आहे") ऐकून हसली की आजोबा गप्प होतात, आणि ते गप्पपण आपण नाराजी समजतो.

किती दिवस लागतील? एकवीस दिवसांत सवय लागते हा हिशेब सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका अभ्यासात एक साधी सवय अंगवळणी पडायला माणसागणिक १८ ते २५४ दिवस लागले, मधला आकडा ६६. तुम्ही इथे एकदम दहा सवयी बदलल्यात. निदान वर्षभर गावचं घर विकायचा विषय काढू नका, आणि किल्ली आप्पांच्याच खिशात असू द्या. महिन्यातून एक तारीख ठरवून दोघांना गावी पाठवा. एसटीत आप्पांना ज्येष्ठ नागरिक म्हणून आणि आईला महिला म्हणून अर्धं तिकीट आहे. भांडण झालं की गाव, असं मात्र होऊ देऊ नका, नाहीतर प्रत्येक भांडणाचा शेवट पिशवी भरण्यात होतो.

सगळं बदलामुळेच होतंय असंही धरून बसू नका. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक डोक्याचा गोंधळ उडाला तर त्याच दिवशी दवाखाना. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, महिन्यात दोन-तीन किलो वजन उतरणं, "आता कशाला जगायचं" असं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर (१४४१६) मराठीतही बोलता येतं. आणि आप्पा सोसायटीचा जिना चुकत असतील, तेच तेच विचारत असतील, तर स्मृतीची तपासणी करून घ्या. जुन्या घरात पाठ असलेल्या वाटा विसराळूपणा झाकून ठेवतात. घर बदललं की तो उघडा पडतो.

श्रावणात कानुबाई (खान्देशात घरोघरी बसवतात ती देवी) कुठे बसवायची, हे आत्ताच भाऊबंदांशी बोलून ठरवा. तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, तेव्हा पहिल्या वर्षी ती गावच्याच घरी बसू द्या. आठ दिवस आधी आईला तिकडे नेऊन सोडा, दळण तिलाच करायचं असेल.