गस्त घालतात, पहारा देतात

प्रश्न असा आहे: 'तटरक्षक दलाच्या विमानाचा किनाऱ्यावर पहारा' असं बातमीत वाचलं. विमानाला 'पहारा' चालतो का? आणि 'गस्त' हा 'पेट्रोलिंग'चा अनुवाद आहे का?

चालत नाही. आणि अनुवाद तर मुळीच नाही. पेट्रोलिंगचा पेट्रोलशीही संबंध नाही, हे इथेच सांगतो, कारण 'पेट्रोल जाळत फिरतात म्हणून पेट्रोलिंग' ही व्युत्पत्ती मी शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकली आहे. तो शब्द फ्रेंच, आणि मुळात त्याचा अर्थ चिखल तुडवत चालणं.

'पहारा' आला प्रहरावरून. ठरलेल्या जागी ठरलेला वेळ जागं राहायचं. म्हणून पहारा देतात, ठेवतात, बसवतात. गस्त मात्र घालतात. आता मराठीत आणखी काय काय घालतात बघा: प्रदक्षिणा, फेरी, वेढा, पिंगा, घिरट्या, येरझारा. सगळं फिरणं! 'गस्त' फारसीतून आली तेव्हा तिच्या पोटातलं फिरणं आपल्या लोकांनी बरोबर ओळखलं आणि तिला हेच क्रियापद जोडून दिलं, असं माझं ठाम मत आहे. 'गस्त लावली', 'गस्त मारली' हे हिंदीचं उसनं ऐकलं की म्हणूनच कपाळाला आठी पडते.

बहुतेक कोश 'फा.' एवढं लिहून हात झटकतात. खरी गंमत त्याच्यापुढे आहे. फारसी 'गश्तन' म्हणजे वळणं, फिरणं. त्याआधीच्या मध्य फारसीत तो 'वश्तन' होता. जुन्या इराणी 'व'चा पुढे असा 'ग' झालेला बऱ्याच शब्दांत दिसतो. आपला 'वृक', म्हणजे लांडगा, तिकडे 'गुर्ग' झाला. तेव्हा 'गश्तन'च्या मुळाशी आपलाच 'वृत्' धातू उभा आहे: वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन यांतला. 'वृत्त'ही त्यातलंच. म्हणजे 'गस्तीचे वृत्त' असा मथळा छापला, तर एकाच घरातली दोन भावंडं शेजारी बसतात. 'गस्त' परकी म्हणून 'परिभ्रमण' सुचवणाऱ्या शुद्धिवाद्यांनी आधी याचं उत्तर द्यावं. घरच्याच मुलीला उंबऱ्यावर अडवण्यात कसली आली शुद्धी?

समुद्रावर हा फरक नुसता शब्दांचा राहत नाही. बंदरात पहारा ठेवला की चोरटा माल बिनपहाऱ्याच्या खाडीत उतरतो. 1960च्या दशकात आखातातून सोनं घेऊन येणाऱ्या गलबतांनी पश्चिम किनाऱ्यावर हेच केलं, आणि कस्टमच्या मोजक्या नौका त्यांना पुऱ्या पडेनात. 1974मध्ये नेमलेल्या समितीने वेगळ्या सागरी दलाची शिफारस केली. तिचे अध्यक्ष के. एफ. रुस्तमजी, आपल्या कामठीत जन्मलेले. 1 फेब्रुवारी 1977ला तटरक्षक दल हंगामी स्वरूपात उभं राहिलं, 1978मध्ये त्याचा कायदा झाला. सुरुवातीला नौका होत्या सात! एवढ्या सात नौकांचा पहारा कुठे कुठे बसवणार? त्यांना फिरतंच राहावं लागणार.

विमान तर थांबूच शकत नाही. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात, 1925मध्ये, तिथल्या तटरक्षक दलाने नौदलाकडून एक समुद्री विमान उसनं घेऊन मॅसॅच्युसेट्सच्या ग्लॉस्टर बंदरातून दारूच्या नौका हुडकायला सुरुवात केली. आपल्या तटरक्षक दलाचं डॉर्निअर विमानही तेच करतं: किनाऱ्याला धरून लांब सरळ जायचं, वळायचं, थोडं अंतर सोडून समांतर परत यायचं, पुन्हा वळायचं. खाली संशयास्पद नौका दिसली की जवळच्या गस्ती नौकेला कळवायचं. तांडेलाकडे, म्हणजे नौकेच्या प्रमुखाकडे, कागद मागायला तीच जाते. वर काय, खाली काय, सगळं 'वृत्'.

तेव्हा मथळा हवा होता, 'तटरक्षक दलाच्या विमानाची किनाऱ्यालगत गस्त'. 'पहारा' शब्द वाया जाणार नाही. 26 नोव्हेंबर 2008च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या दीपगृहांवर रडार बसवली. ती जागची हलत नाहीत आणि रात्रंदिवस समुद्राकडे बघत असतात. त्यांच्या बातमीत खुशाल 'पहारा' लिहा.