कार्यक्रम संपल्यानंतरचा अर्धा तास

(स्टेज, साउंड आणि संगीत यांविषयी वाचकांच्या प्रश्नांना एका साउंड इंजिनीअरची उत्तरं)

या खेपेला एकाच विषयावर तीन पत्रं आली आहेत. कार्यक्रम संपल्यावर आवडत्या बँडला भेटायचं कसं, हा तो विषय. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

प्रश्न : मी शहाद्याकडचा. पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘इंडियन ओशन’ माझा सर्वांत आवडता बँड, आणि लवकरच त्यांचा इथे कार्यक्रम आहे. माझ्या आजीचं गाव अक्राणी तालुक्यात नर्मदाकाठी होतं. सरदार सरोवराच्या पाण्यात ते गेलं, आता सगळे तळोद्याकडच्या वसाहतीत राहतात. त्यांचं ‘मा रेवा’ हे नर्मदेवरचं गाणं लागलं की मला आजी आठवते. राहुल राम यांना भेटून एवढंच सांगायचंय. पण त्या गर्दीत माझ्यासारख्याला कोण उभं करणार? आणि केलंच, तर बोलू काय?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : अरे, तू नाही भेटायचं तर कोणी भेटायचं?

ज्यांना भेटायचंय त्यांच्याबद्दल आधी थोडं सांगते. राहुल राम कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. करून परत आले आणि नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात राहिले. बँडमध्ये आले तेही त्याच सुमारास, १९९१ मध्ये. ‘मा रेवा’ हे नर्मदा खोऱ्यातलं पारंपरिक गाणं त्यांच्या २००० सालच्या ‘कंदिसा’ अल्बममधून देशभर पोचलं. महाराष्ट्रातली ३३ गावं त्या धरणाखाली आली; त्यातल्या मणिबेलीचं नाव तर तेव्हा रोज पेपरात असायचं. म्हणजे तू ज्या मुलखाची गोष्ट घेऊन जाणार आहेस, तो त्यांना अनोळखी नाही. ‘सर, मी तुमचा खूप मोठा फॅन आहे’ हे वाक्य त्या रात्री त्यांच्या कानावर कितीदा पडेल, त्याला गणती नाही. ‘माझ्या आजीचं गाव अक्राणीत होतं, ते बुडालं’ हे तुझ्याशिवाय कोण सांगणार? सुरुवातच त्यानं कर. गावाचं नाव घे. तारीफ मागाहून, वेळ उरला तर.

आता भेट कशी जमवायची ते सांगते. त्या अर्ध्या तासात स्टेजवर काय चाललेलं असतं, हे समोरच्यांना सहसा कळत नाही. शेवटचं गाणं संपतं, हॉलचे दिवे लागतात, आणि लोकांना वाटतं आता कलाकार मोकळे झाले. प्रत्यक्षात त्यांचं दुसरं काम तिथून सुरू होतं. आपल्याकडच्या बहुतेक बँडमध्ये वादक आपापलं सामान स्वतःच आवरतात. गिटारवाला जमिनीवर उकिडवा बसून पेडलच्या बारीक वायरी एकेक करून उपटत असतो. ड्रमर झांजांचे नट काढून हाताच्या मुठीत ठेवत असतो. त्यातला एखादा नट घरंगळला तर उद्या दुसऱ्या गावी पंचाईत. आम्ही साउंडवाले माइक उतरवून केबल गुंडाळत असतो. उघड्या मैदानावरचा कार्यक्रम असेल तर रात्री दहाची घंटा सगळ्यांच्या डोक्यावर असते, त्यामुळे अजून घाई. या वेळी स्टेजच्या कडेला येऊन नावानं हाका मारणाऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. त्यात उद्दामपणा नसतो, हात गुंतलेले असतात. वाकलेल्या माणसाच्या खांद्यावर मागून हात ठेवणं तर कधीच नको. आणि स्टेजवर चढू नकोस. बऱ्याच जोडण्यांत वीज तेव्हाही चालू असते आणि पायात वायरींचं जाळं असतं.

तू पंधरा-वीस मिनिटं थांब. गर्दी पातळ होऊ दे. मग गळ्यात पास, हातात टॉर्च आणि कानाला वॉकी-टॉकी लावलेला माणूस शोध. तो स्टेज मॅनेजर. त्याच्याशी नीट बोल: नाव सांग, कुठून आलास ते सांग, आणि कारण एका वाक्यात सांग. मी स्वतः कितीतरी कार्यक्रमांत अशा मुलांना आत घेऊन गेले आहे, आणि दर वेळी निर्णय त्या एका वाक्यावर झाला आहे. दमदाटी करणारा, ‘मी अमक्याचा भाचा’ म्हणणारा बाहेर राहतो. स्टेज मॅनेजरनं नाही म्हटलं तर वाद घालू नकोस. सीडी आणि टी-शर्टचं टेबल लावलेलं असेल तर तिथे थांब. पुष्कळदा कलाकार आवरून झाल्यावर तिकडे चक्कर मारतात.

बोलायला जीभ वळली नाही तर काय, म्हणून एक चिठ्ठी लिहून ठेव. वहीचा एक कागद, एकच बाजू. आजीचं नाव, गावाचं नाव, गाव कधी सोडावं लागलं ते, आता ती कुठे राहते ते, आणि खाली तुझा फोन नंबर. आजी पावरीत गाणी म्हणत असेल आणि तिची हरकत नसेल, तर एखादं रेकॉर्ड कर आणि चिठ्ठीत तसा उल्लेख कर. मोबाइल कानाला लावून तिथेच ऐकवायचा घाट घालू नकोस. त्या गोंगाटात आजीचा आवाज वाया जाईल, आणि त्या आवाजाला निवांत ऐकणारा मिळायला हवा. फूल, शाल, मोठी फ्रेम असलं काही नेऊ नकोस. सकाळच्या विमानाला सामानाचं वजन आधीच जास्त झालेलं असतं. कागद गिटारच्या केसमध्येही मावतो.

आणखी एक, आणि हे कळकळीनं सांगते. ‘कंदिसा’च्या वेळचे चौघे आज एकत्र नाहीत. तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले. सुस्मित सेन यांनी २०१३ मध्ये बँड सोडला. राहुल राम आणि अमित किलम त्या वेळचे. त्यांच्यासोबत आता हिमांशू जोशी, निखिल राव आणि तुहीन चक्रवर्ती आहेत. लोक या तिघांसमोर उभे राहून ‘जुनी मजा वेगळीच होती’ असं खुशाल बोलतात. घाम गाळून नुकत्याच उतरलेल्या माणसाला हे ऐकवणं मला सहन होत नाही. असीमदांचा आवाज माझ्याही मनात घर करून आहे. पण त्या रात्री तुझ्यासाठी जे वाजवतील ते हे पाच जण. आधी त्यांचं अलीकडचं काम ऐकून जा, प्रत्येकाला नावानं ओळख, आणि त्या रात्रीची एखादी जागा आवडली असेल तर ती ज्यानं वाजवली त्यालाच सांग. फोटो काढायचा तर विचारून, एकच, आणि फ्लॅश बंद करून.

भेट झाली किंवा नाही झाली, मला लिही. आजीचं गाणं मलाही ऐकायचंय.

प्रश्न : एका मोठ्या रॉक बँडच्या गिटारिस्टला कार्यक्रमानंतर भेटले. दोन वर्षं मनात घोळवलेलं बोलले. त्यानं तीनदा ‘काय?’ विचारलं, मग नुसतं हसून सही केली आणि पुढे गेला. तेव्हापासून त्यांची गाणी लावावीशी वाटत नाहीत. मी एवढी नकोशी होते का?
— कोल्हापूरची वाचक

उत्तर : नाही गं. त्याला तू काय बोललीस ते ऐकूच आलं नसणार.

दोन तास ड्रम आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये उभं राहिलं की कान तात्पुरते बधिर होतात. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी दमतात, बारीक आवाज आणि विशेषतः स, श, फ, त अशी अक्षरं आधी हरवतात. बोलणारा दिसतो, ओठ हलताना दिसतात, शब्द लागत नाहीत. पुन्हा पूर्ण ऐकू यायला काही तास, कधी एखादा दिवसही जातो. कित्येक वादकांच्या कानात त्या वेळी मॉनिटरचे, म्हणजे स्टेजवर स्वतःचं वाजवणं ऐकायचे, बोळेही तसेच असतात. तीनदा विचारूनही कळलं नाही की माणूस संकोचून हसतो. तीनदा विचारलं म्हणजे त्याला ऐकायचं होतं, हे तू लक्षात घे.

पुढच्या वेळी त्याच्या समोर, उजेडात उभी राहा, हळू आणि छोट्या वाक्यात बोल. ओरडू नकोस, ओरडण्यानं शब्द आणखी फाटतो. आणि तुझे स्वतःचे कान? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीनं १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. स्पीकरच्या भिंतीजवळ आवाज त्याच्यावर सहज जातो. केमिस्टकडे मिळणारे फोमचे इअरप्लग घाल. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

गाणी लाव. आजच लाव.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी एका परदेशी रॉक बँडची चाहती आहे. इन्स्टाग्रामवर त्या बँडच्या गायकाच्या नावानं तिला मेसेज येतात. ‘फॅन कार्ड’ घेतलं तर मुंबईच्या कार्यक्रमानंतर भेट घडवू म्हणतात. तिनं साठवलेले पैसे एकदा पाठवले आहेत, आता आणखी मागताहेत. खरं असेल का?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, नाही. ही फसवणूक आहे. बँडचा गायक चाहत्याला स्वतःहून मेसेज करून गिफ्ट कार्ड किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. भेटीची सोय असलीच तर ती अधिकृत तिकीटविक्रीच्या पानावर, किमतीसकट, लिहिलेली असते. तिथेही वर्णन नीट वाचा: ‘व्हीआयपी’ तिकिटात पुष्कळदा नुसती पुढची जागा आणि टी-शर्ट असतो, भेट नसते.

मुलीला रागावू नका. तिच्या प्रेमाचा गैरफायदा कोणीतरी घेतला आहे, लाज त्यांना वाटायला हवी. यापुढे एक रुपयाही पाठवू नका आणि मेसेज डिलीट करू नका, तो पुरावा आहे. स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक, तारीख एकत्र करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. फोनवर बोलताना मुलीला शेजारी बसवा, काय घडलं ते तिलाच सांगू द्या. आणि कार्यक्रमाला तिला जरूर न्या.