घरून काम किती दिवस टिकणार? – वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या टपालात घरून कामाबद्दलची पत्रं सर्वांत जास्त आहेत. त्यातली पाच निवडली आहेत.

प्रश्न : मुलगा पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. चार वर्षांपासून इथूनच काम करतो. सोयरीक जुळवायला बसलो की समोरचे विचारतात, "हे किती दिवस चालणार?" कंपनीला यात काय मिळतं, आणि ती हे पुढेही का चालू ठेवेल? – निवृत्त शिक्षक, अमळनेर

गुरुजी, याचं निम्मं उत्तर कंपनीच्या भाडेकरारात आहे. मोठ्या इमारतींतली जागा कंपन्या अनेक वर्षांच्या करारानं घेतात आणि त्यातली सुरुवातीची काही वर्षं 'लॉक-इन'ची असतात. त्या काळात जागा रिकामी केली तरी भाडं चुकत नाही. त्यामुळे मार्च २०२० मध्ये सगळे घरी गेले, तरी भाड्याचा खर्च लगेच वाचला नव्हता. लॉक-इन जसजसा संपत गेला, तसतसा करार वाढवायचा की मजला सोडायचा हा प्रश्न पुढे आला. ज्यांनी मजला सोडला त्यांना शंभर माणसं परत बोलवायची म्हटली तर नवी अनामत, फर्निचर, केबलिंग, एसी असा सगळा खर्च पहिल्यापासून करावा लागतो.

आकड्यांत मांडून बघा. समजा, एका खुर्चीमागे ८० चौरस फूट जागा लागते आणि भाडं ७० रुपये चौरस फूट आहे. म्हणजे महिन्याला ५,६०० रुपये. वीज, देखभाल, सफाई, चहापाणी धरून ८,५०० होतात. दोनशे माणसं आठवड्यातून दोनच दिवस येणार असतील तर सरासरीनं ८० खुर्च्या पुरायला हव्यात. पण सगळे मंगळवार-बुधवारच धरतात, म्हणून १२० लागतात. तरीही ८० खुर्च्या वाचल्या, म्हणजे महिन्याला ६ लाख ८० हजार आणि वर्षाला ८१ लाख ६० हजार रुपये. अशी आकडेमोड एकदा वार्षिक अंदाजपत्रकात बसली की ती सहज कोणी मोडत नाही.

दुसरं कारण माणसं सोडून जाण्याचं. अनुभवी माणूस गेला की नवा शोधणं आणि त्याला काम शिकवणं यात महिने जातात. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. वाढलेल्या कामाचा मोठा भाग सुट्या आणि मधले विसावे कमी झाल्यामुळे होता, हे विसरू नये. त्याच कंपनीत पुढे १,६१२ जणांवर आठवड्यातून दोन दिवस घरून कामाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले : कामाच्या दर्जात फरक नाही, राजीनामे एक तृतीयांशानं कमी.

तिसरं कारण माणसं मिळण्याचं. ऑफिसला रोज यायची अट असली की पुण्याच्या आयटी पार्कच्या, हिंजवडीच्या आसपास राहू शकणाराच उमेदवार चालतो. अट काढली की अमळनेर, शिरपूर, नंदुरबारही कक्षेत येतात. शिवाय सरकारी अडसर कमी झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागानं बीपीओसारख्या (दुसऱ्या कंपन्यांची कॉल सेंटरसारखी कामं करणाऱ्या) सेवांचे नियम सैल केले, बँक हमीची अट काढली आणि कर्मचाऱ्याला घरून किंवा कुठूनही काम करायची मोकळीक दिली.

तरीही सगळ्या कंपन्यांना एकच न्याय लावता येत नाही. टीसीएस या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीनं २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के लोक ऑफिसात लागतील. पण ऑक्टोबर २०२३ पासून त्यांनी कर्मचाऱ्यांना पाच दिवस ऑफिसात बोलावलं. स्वतःच्या मालकीचे मोठे कॅम्पस असले की भाडं वाचवण्याचा मुद्दा तेवढा जोरकस राहत नाही.

म्हणून मुलाला तीन गोष्टी विचारा. नेमणूकपत्रात 'कामाचं ठिकाण' म्हणून काय लिहिलंय? परत बोलवायचं झाल्यास किती दिवसांची सूचना मिळणार? आणि त्याच्या टीमसाठी ऑफिसात खुर्च्या राखून ठेवल्यात का? कामाचं ठिकाण 'घर' असेल आणि खुर्ची नसेल तर ही व्यवस्था बरीच पक्की समजा. साहेबांनी नुसतं तोंडी 'चालेल' म्हटलं असेल, तर साहेब बदलला की तेही बदलतं. मुलाच्या साहेबांचे साहेब स्वतः कुठून काम करतात हेही बघा. ते रोज ऑफिसात बसत असतील तर आज ना उद्या बोलावणं येण्याची शक्यता धरून चाला.

प्रश्न : ग्राहकसेवेची नोकरी गावातून करते. १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, इन्व्हर्टरही आहे, तरी कॉल तुटतात. कंपनीनं लेखी ताकीद दिली आहे. काय करू? – वाचक भगिनी, रावेर तालुका

ताई, आवाजाच्या कॉलला १०० केबीपीएस, म्हणजे तुमच्या प्लॅनचा हजारावा भागसुद्धा पुरतो. तेव्हा प्लॅन वाढवण्यात पैसे घालू नका. दोष दुसरीकडे आहे आणि तो घरातच शोधता येतो.

आधी वायफाय बंद करून लॅपटॉप लॅन केबलनं राउटरला जोडा. मातीच्या जाड भिंतींच्या धाब्याच्या घरात दोन खोल्यांपलीकडे वायफायचा जोर राहत नाही. मग कमांड प्रॉम्प्टच्या (विंडोजमध्ये आज्ञा टाइप करायच्या) दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला आणि दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला दहा मिनिटं सलग 'पिंग' (उत्तर येतं का बघणारी छोटी हाक) चालू ठेवा. राउटरकडूनच उत्तर चुकत असेल तर दोष केबलचा किंवा राउटरचा. राउटर नीट आणि बाहेरचं चुकतंय, तर दोष ऑपरेटरच्या लाईनचा. सकाळी एकदा आणि रात्री आठ-नऊला एकदा असं करून स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. ऑपरेटरशी बोलताना हाच पुरावा कामी येतो.

फायबर असेल तर ऑपरेटरच्या माणसाकडून 'आरएक्स पॉवर', म्हणजे घरी पोचणाऱ्या सिग्नलचा जोर, बघून घ्या. उणे १५ ते उणे २४ डीबीएम ठीक. उणे २७ च्या आसपास असेल तर लाईन जेमतेम चालली आहे. कुठेतरी फायबर घट्ट वाकलंय किंवा जोड खराब आहे, तो नव्यानं करून मागा.

आता लाईटचं. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होतो, पण मधल्या क्षणात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. कॉल नेमका तिथे तुटतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं, ते 'यूपीएस'वर ठेवा. तरीही राउटर बंद पडला तर त्याच्यासाठी छोटा डीसी यूपीएस (राउटरपुरता बॅटरी बॅकअप) घ्या. घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्ट असतो, पण ९ व्होल्टचेही आहेत. चुकीचा जोडला तर राउटर जळतो.

आणखी एक विचारून घ्या : फायबर थेट घरात येतं, की खांबावरच्या डब्यातून साधी लॅन केबल येते? डब्यातल्या स्विचला बॅकअप नसेल तर गावठाण फीडर (गावातल्या घरांची वीजवाहिनी) गेल्याबरोबर तुमचंही नेट जाणार, घरी कितीही मोठा इन्व्हर्टर असो. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा याच तांब्याच्या केबलमधून झटका येऊन राउटर जातात. ढग भरून आले की ती केबल काढून मोबाईलच्या नेटवर काम करा. फायबरच्या काचेतून तो झटका येत नाही. विजेच्या तारेतून मात्र येऊ शकतो.

बॅकअपचा हिशेब असा : लॅपटॉप ४० वॉट, राउटर १५, पंखा ७५, दिवा १०, मिळून १४०. १५० एएचच्या १२ व्होल्ट बॅटरीत १,८०० वॉट-तास असतात, प्रत्यक्षात साठ टक्के धरा. साडेसात तास निघतात. त्यावर १८० वॉटचा कूलर लावलात तर साडेतीन तासही नाहीत. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी भराभर उडतं. एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं किंवा आरओचं पाणी प्लेटा खराब करतं.

दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ असू द्या, पण ते तुमच्या कामाच्या खोलीतच तपासून घ्या. ओट्यावर रेंज आहे म्हणून आत असेलच असं नाही.

प्रश्न : घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम मिळतंय, आधी २,५०० रुपये नोंदणी भरायला सांगतात. भरू का? – शहादा

भरू नका. खरी कंपनी नोकरी देताना उमेदवाराकडून पैसे घेत नाही. आधीच भरले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे अडवणं अवघड होतं.

प्रश्न : आमची डाळ मिल आहे. जुनी हिशेबनीस लग्न होऊन नाशिकला गेली. तिच्याकडूनच काम चालू ठेवायचं आहे. टॅलीची व्यवस्था कशी करावी? – जळगाव एमआयडीसी

भाऊ, माहितगार माणूस राखायचं ठरवलंत ते बरोबरच केलंत. मोठ्या कंपन्या याच कारणानं घरून काम देतात. पण एक चूक अजिबात करू नका : राउटरवर पोर्ट उघडून मिलचा कॉम्प्युटर रिमोट डेस्कटॉपनं (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीनं) थेट इंटरनेटला जोडणं. स्थानिक तंत्रज्ञ सोपं म्हणून हेच करून देतात. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. पासवर्ड फुटला की सगळा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागतात.

व्हीपीएन (इंटरनेटवरची खाजगी, सुरक्षित वाट) लावून त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप वापरा, किंवा टॅली क्लाउडवर (इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर) ठेवा. टॅलीची स्वतःची रिमोट सोयही आहे. त्यासाठी टीएसएसचं (टॅलीच्या सशुल्क सेवेचं) नूतनीकरण चालू लागतं. हिशेबनीस बाईंना वेगळं युजरनेम द्या आणि जुन्या तारखेच्या नोंदी बदलायची परवानगी काढून घ्या. रोज संध्याकाळी बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर मूळ डेटाबरोबर तीही कुलूपबंद होते. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

बिलं आणि आवक पावत्या रोज ठरलेल्या वेळी स्कॅन करून पाठवायची जबाबदारी मिलमधल्या एका माणसावर टाका. दुरून हिशेब बिघडतो तो सॉफ्टवेअरमुळे कमी आणि कागद उशिरा पोचल्यामुळे जास्त.

प्रश्न : पुण्याहून धुळ्याला राहायला आलो तर पगार कमी होईल का? बढतीवर परिणाम होईल का? – धुळे

काही कंपन्या शहराप्रमाणे पगाराची श्रेणी ठरवतात, काही नाही. पत्ता बदलण्याआधी एचआरकडून लेखी घ्या. जुन्या कररचनेत असाल आणि घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांना भाडं देऊन घरभाडे भत्त्याची सूट घेता येते. भाडं बँकेतून द्या, करार करा आणि वडिलांनी ते त्यांच्या उत्पन्नात दाखवावं. नव्या कररचनेत ही सूट मिळत नाही.

बढतीची काळजी मात्र खरी आहे. वर सांगितलेल्या सीट्रिपच्या पहिल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांना कामाच्या मानानं बढत्या कमी मिळाल्या. प्रयोग संपल्यावर त्यातले जवळपास निम्मे लोक आपणहून ऑफिसात परतले. दुसऱ्या प्रयोगात तीन दिवस ऑफिस होतं, तिथे बढतीत फरक पडला नाही. धुळ्याहून दर आठवड्याला पुणे जमणार नाही, पण वार्षिक मूल्यमापनाच्या आधीचे दोन आठवडे आणि नवं काम वाटपाला निघतं तो आठवडा तरी पुण्यात काढा. गाडीभाडं आणि राहण्याचा खर्च कोण देणार, तेही एचआरच्या त्याच पत्रात लिहून घ्या.