बारावी होऊ दे, मग निघू

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. नणंदेने ग्रीन कार्डासाठी केलेल्या जुन्या अर्जावर तुमचा नंबर लागलाय, कॅलिफोर्नियात जायचंय, लेक अकरावीत आहे. बारावी सांगलीतच करून निघावं का, आणि कम्युनिटी कॉलेजातून (पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) दोन वर्षांनी बर्कलीसारख्या विद्यापीठात फीची मदत मिळवून जाणं खरंच जमतं का, असं विचारलंय तुम्ही. जमतं. माझा मुलगा २०१९ मध्ये तसाच बर्कलीला गेला, सिव्हिल इंजिनीअरिंगला. पण त्याला दोन नाही, तीन वर्षं लागली. ते तिसरं वर्ष कशात गेलं, हे मला आजही सलतं.

फॉर्मच्या तारखा, कॉलेजातला कुठला विषय विद्यापीठात कशाच्या जागी धरतात, हे सगळं असिस्ट या विषय जुळवून दाखवणाऱ्या संकेतस्थळावर आणि यूसीच्या, म्हणजे बर्कली जिचा भाग आहे त्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, संकेतस्थळावर नीट दिलंय. ते मी सांगत बसत नाही.

आमचा अर्ज माझ्या नणंदेने २००३ साली केला, तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत झाली जानेवारी २०१६ मध्ये, तो बारावीला असताना. व्हिसाची मुदत सहा महिन्यांची. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: बारावी होऊ दे, मग निघू. सासरे म्हणाले, माझी आई म्हणाली, क्लासचे सर म्हणाले. मीही तेच म्हणत होते. परीक्षा झाली, सीईटी झाली, निकाल लागला, गणितात ९४ पडले, नाशिकभर पेढे वाटले आणि मुदत संपायला आठ दिवस उरले असताना जुलैत आम्ही इथे उतरलो.

ती बारावी इथे कुठेच धरली गेली नाही.

पहिलं गणिताचं सांगते. उतरून दहा दिवस झाले नव्हते आणि कॉलेजात प्लेसमेंटची, म्हणजे कुठल्या पायरीवर बसवायचं ते ठरवणारी, परीक्षा. मुलाची झोप अजून उलटीसुलटी. तास-दीड तासात संगणकाने त्याला इंटरमीडिएट अल्जिब्रात टाकलं, म्हणजे आपलं नववी-दहावीचं बीजगणित. काउन्सेलरसमोर आम्ही बोर्डाची गुणपत्रिका ठेवली. तिने पाहिली आणि हसून परत दिली, पुढचा मुलगा बाहेर थांबला होता. माझा मुलगा मला हळूच म्हणाला, "आई, मी इंटिग्रेशन केलंय." आणि मी, त्याची आई, त्याला म्हणाले, "असू दे रे, पाया पक्का होईल."

मग बीजगणित, त्यानंतर प्री-कॅल्क्युलस, त्यानंतर कुठे पहिलं कॅल्क्युलस. बर्कलीच्या इंजिनीअरिंगला कॅल्क्युलसची रांग एकामागून एक पुरी करावी लागते, फिजिक्स तिच्यामागे अडकलेलं. एक अख्खं वर्ष तिथेच गेलं, आणि त्या बीजगणिताचं एक युनिटसुद्धा (विषयाचं वजन मोजायचं माप) ट्रान्स्फरला, म्हणजे विद्यापीठात बदलून जाताना, चाललं नाही. अभ्यासक्रमाचे कागद जोडून त्या निकालाला हरकत घेता येते, त्यासाठी कॉलेजात रीतसर फॉर्म असतो, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी एका व्हिएतनामी मुलाच्या वडिलांकडून कळलं. आता २०१७ च्या कायद्यामुळे कॉलेजांना असं खाली बसवणं बरंच अवघड झालंय. तरी तुम्ही कागद आणाच.

दुसरं फीचं. ग्रीन कार्ड मिळालं म्हणजे आपण इथले झालो, असं मी धरून चालले होते. फीच्या हिशेबात तसं नसतं. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहून झाल्यावर टर्म सुरू झाली, तरच रहिवाशाची फी लागते. ती युनिटला ४६ डॉलर आणि कमी उत्पन्न असेल तर तीही माफ. पहिल्या वर्षी आम्ही त्या ४६ च्या वर युनिटमागे आणखी दोनशेहून जास्त डॉलर भरले. नाशिकचा प्लॉट विकून आणलेले पैसे होते ते, बीजगणित शिकण्यात गेले.

त्यातही थोडी मदत झाली असती. पेल ग्रँट हे केंद्र सरकारचं अनुदान आहे, ग्रीन कार्डवाल्याला पहिल्या दिवसापासून मिळतं. त्या वर्षी जास्तीत जास्त ५,८१५ डॉलर होतं. पण ओळखीच्या एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं की पाच वर्षं सरकारी मदतीला हात लावायचा नाही, नाहीतर पुढे सिटिझनशिपला त्रास होतो. पाच वर्षांची अट असते ती मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा), फूड स्टॅम्प (अन्नधान्यासाठीची मदत) अशा मदतीला. शिक्षणाच्या अनुदानाशी तिचा संबंध नाही. आम्ही घाबरलो आणि त्या वर्षी फॅफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज, भरलाच नाही. तुम्ही विमानातून उतरल्यावर पहिल्यांदा तो भरा. त्यात दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न विचारतात, म्हणजे तुमचं सांगलीतलं, रुपयांचे डॉलर करून. म्हणून आयटी रिटर्न आणि फॉर्म १६ जपून आणा.

दुसऱ्या वर्षी भरला, तर नावावरून अडलं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. कॉलेजने तेच पहिलं नाव म्हणून चढवलं, फॅफ्सा पासपोर्टप्रमाणे. दोन्ही नोंदी जुळेनात. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मी सहा वेळा कॉलेजच्या खिडकीवर गेले, दर वेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून सांगायचं. बँकेत अठरा वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते. तिथून कोणाला उगाच परत पाठवलं नव्हतं ना, हे त्या रांगेत उभी राहून आठवत बसायचे.

तिसरं, कॅल ग्रँट. कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्स्फर होणाऱ्यांना हक्काने मिळणारं राज्याचं अनुदान आहे, पण बारावी कॅलिफोर्नियात झालेली हवी. आमची नाशिकची.

बर्कलीचं पत्र एप्रिल २०१९ मध्ये आलं. यूसीच्याच डेव्हिस कॅम्पसला टॅगचाही अर्ज केला होता. टॅग म्हणजे ठरलेले विषय आणि गुण पूर्ण केले की प्रवेशाची हमी. यूसीच्या सहा कॅम्पसना ती आहे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोला नाही. तेव्हा लेकीला एक टॅग करायला लावाच, रात्रीची झोप लागते. फीचं म्हणाल तर यूसीची ब्लू अँड गोल्ड योजना आहे, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या रहिवाशांची ट्यूशन त्यात भागते. २०१९ मध्ये ती मर्यादा ८० हजार डॉलर होती, आम्ही दोघं मिळून त्याच्या बरेच खाली होतो. तेव्हाची वर्षाची साडेबारा हजार डॉलरची फी आम्हाला भरावी लागली नाही. खोली आणि जेवणाचा खर्च मात्र फीपेक्षा मोठा असतो. त्याला ग्रँट पुरलं नाही, थोडं कर्ज झालं, ते मुलाने आता फेडलंय.

एका खाजगी विद्यापीठाचाही अर्ज भरला होता. त्यांचा सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म असतो, त्यात जगभरातली मालमत्ता लिहायची. आमच्या सातबाऱ्यावर यांच्यासकट चार भावांची, दोन आत्यांची आणि एका वारलेल्या काकांची नावं. त्यात आमचा वाटा किती आणि त्याची किंमत काय, हे त्या चौकटीत कसं लिहायचं? मी तीन पानी पत्र जोडलं. त्यांनी प्रवेश दिला, पण मदत इतकी थोडी की नाही म्हणावं लागलं.

एकटेपणाबद्दलही विचारलंय तुम्ही. माझं फार नाही. काम होतं, नणंद होती, गणपतीत माणसं भेटायची. मुलाचं वेगळं. कम्युनिटी कॉलेजला बहुधा होस्टेल नसतं. मुलं गाडीने येतात, तास करतात, कामावर जातात. कोणी कोणासाठी थांबत नाही. मी रोज डबा द्यायचे, पोळी-भाजी, कधी थालीपीठ. विचारलं की म्हणायचा, मित्रांबरोबर जेवलो. २०२१ मध्ये, नोकरी लागल्यावर, सहज बोलता बोलता त्याने सांगितलं की पहिली दोन वर्षं तो पार्किंगमध्ये आत्याच्या जुन्या कॅमरी गाडीत बसून जेवायचा, काचा वर करून, भाजीचा वास जाऊ नये म्हणून. तो हसत सांगत होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: व्हिसा येत असेल तर अकरावीनंतर निघा. शेवटचं वर्ष तिला इथल्या सरकारी शाळेत करू द्या, फी नाही. त्या वर्षात रहिवासाचं वर्ष भरतं, कॅल ग्रँटचं दार उघडं राहतं, गणित इथल्याच नोंदीत चढतं, आणि कॉलेजात जाताना दोन-चार चेहरे ओळखीचे असतात. शाळेने तिला पुन्हा अकरावीत बसवलं तर बसू द्या, ते वर्ष आमच्या वर्षासारखं वाया जाणार नाही. सांगलीत लोक बोलतील, बारावी सोडून नेलं म्हणतील. बोलू द्या.

नववीपासूनच्या गुणपत्रिका, अकरावीच्या गणिताचा अभ्यासक्रम शाळेच्या शिक्क्यानिशी आणि लसींची नोंद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. आणि इथे आल्यावर पहिल्या महिन्यात ती कुणाबरोबर जेवते ते विचारा. मैत्रिणींबरोबर म्हणाली, तर मैत्रिणींची नावं विचारा.