गोव्यात सूचिपर्णी आणि रुंदपर्णी झाडं एकत्र लावून जंगल करता येईल का?

तुम्ही विचारलंय की वाळपईजवळ दोन एकर जुनी काजूची बाग आहे, काजू म्हातारे झालेत आणि तिथे आता जंगल उभं करायचंय. युरोपात स्प्रूस, पाइन अशी सूचिपर्णी आणि बीच, ओक अशी रुंदपर्णी झाडं मिसळून लावली की जंगल निरोगी राहतं असं तुमच्या वाचनात आलं. म्हणून आपल्या झाडांत पाइन, सुरू आणि बागेतला तो ख्रिसमस ट्री मिसळावा का, असा तुमचा प्रश्न.

मिश्र लागवड जरूर करा, पण पाइन आणू नका. मी देहरादूनला वनशास्त्र शिकले, दोन वर्षं कुमाऊंत काम केलं आणि नंतर डिचोलीत येऊन रोपवाटिका काढली. दोन्हीकडची जंगलं पायाखालून गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

युरोपातली जोडी का जमते ते आधी बघू. स्प्रूस सदाहरित असतो. वसंतात बीचला पालवी फुटायच्या आधीच तो ऊन खायला सुरुवात करतो आणि शरदात बीचची पानं गळल्यावरही त्याचं काम चालू असतं. स्प्रूसची मुळं उथळ, बीचची खोल, त्यामुळे पाण्यासाठी दोघांची ओढाताण कमी होते. स्प्रूसच्या सुया सावकाश कुजतात आणि जमीन आंबट करतात. त्यांत बीचचा पाला मिसळला की कुजण्याला वेग येतो. किडीचंही तसंच. साल पोखरणारा भुंगेरा आपलं झाड वासावरून शोधतो आणि मधे दुसऱ्या जातीच्या पानांचा वास आला की गोंधळतो. जर्मनीत पिढ्यान् पिढ्या नुसता स्प्रूस लावला गेला होता. 2018 पासून दुष्काळ पडला, झाडं तहानेनं अशक्त झाली आणि या भुंगेऱ्यानं डोंगरच्या डोंगर वाळवले. आता तिथे बीच आणि इतर झाडं मिसळण्याचं काम चाललंय. तुम्ही वाचलंत ते बहुधा याबद्दलच असणार.

पण सूचिपर्णी शेजारी मिळाला की रुंदपर्णी सुखी झाला, असं मात्र नाही. कुमाऊंत चीड आणि बांज एकाच उतारावर शेजारी उभे असतात. चीड म्हणजे तिथला पाइन, बांज म्हणजे ओक. ऐन उन्हाळ्यात चीडच्या सुया गळतात, लोक त्यांना पिरूल म्हणतात, आणि त्यांचा राळ असलेला कोरडा थर ठिणगी पडताच पेटतो. चीडची साल जाड, तो आगीतून वाचतो. बांजची कोवळी रोपं जळून जातात. वणवा वारंवार आला की मिश्र जंगलाचं हळूहळू नुसतं चीडचं जंगल होतं. तिथल्या बायका मला सांगायच्या की बांजखाली झरा टिकतो, चीडखाली आटतो. चारा, सरपण, पाणी, सगळी भिस्त बांजवर.

मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि सत्तरीच्या डोंगरांवर आगी लागल्या होत्या, ते तुम्ही घरातूनच पाहिलं असेल. अशा जागी राळेच्या सुयांचा थर मी तरी पसरू देणार नाही. शिवाय पाइनची मुळं एका विशिष्ट बुरशीच्या सोबतीनं जगतात. उष्ण प्रदेशात जिथे पाइन कधी नव्हता तिथे तो नेला, तेव्हा ही बुरशी असलेली माती बरोबर नेईपर्यंत रोपं खुरटतच राहिली.

सुरूचं वेगळंच. तो दिसतो सूचिपर्णी, पण आहे फुलझाड. त्याच्या सुया म्हणजे सांधे असलेल्या बारीक हिरव्या काड्या. खरी पानं त्या सांध्यांवर खवल्यांसारखी चिकटलेली असतात, नखानं ओढून पाहा. मुळांतल्या गाठींतून तो हवेतला नायट्रोजनही घेतो, म्हणून नुसत्या वाळूत वाढतो. समुद्राचा वारा अडवायला त्याला किनाऱ्यांवर लावलं गेलं. पण त्याच्या काड्यांच्या जाड थराखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, हे दक्षिण गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गालजीबागच्या सुरूच्या बनात फिरलं की कळतं. किनाऱ्यावर जमीन असती तर उंडी, भेंड, करंज आणि केवडा सुचवला असता. वाळपईत सुरूचं काही काम नाही. उलट सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळ-तामिळनाडूच्या सदाहरित रानात नागेया नावाचं झाड आहे. ते खरोखर पाइनच्या मोठ्या गटातलं, म्हणजे कॉनिफर, दक्षिण भारतातलं एकमेव मूळचं, आणि त्याची पानं चक्क रुंद! सूचिपर्णी या शब्दावर म्हणूनच फार विसंबू नये. ख्रिसमस ट्री अंगणात छान दिसतो, त्याला तिथेच राहू द्या.

आता तुमच्या जागेकडे येते. स्प्रूस-बीचच्या जोडीतलं खरं मर्म पानांच्या आकारात नाही. एकाचं ऊन खाण्याचं वेळापत्रक दुसऱ्यापेक्षा वेगळं आहे, त्यात आहे. तशी जोडी आपल्या रानात आधीपासून आहे. किंदळ आणि माट्टी, म्हणजे घाटावरचा ऐन, कोरड्या दिवसांत पानं गाळतात. त्यांच्याखालचं भिरंड, म्हणजे कोकम, तेव्हाही हिरवंगार असतं, वरून उतरलेलं ऊन घेतं आणि उन्हाळ्यात फळं पिकवतं. पावसाळ्यात वर दाट छत झालं तरी सावलीची त्याला सवय आहे. आपल्या कुळागरात, म्हणजे गोव्यातल्या पारंपरिक मिश्र बागेत, माड, पोफळ, मिरवेल, जायफळ, केळ असे थर पिढ्यान् पिढ्या याच हिशेबानं लावलेत.

एक चूक माझ्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. घरच्या अर्ध्या एकरात किंदळ-भिरंडाला सुरुवातीचा आडोसा म्हणून मी मधल्या ओळींत आकेशिया लावला, खाणींच्या डंपांवर दिसतो तोच. चौथ्या वर्षी काढायचं ठरलं होतं. यंदा नको, पुढच्या वर्षी करू, असं करत सातवं वर्ष उजाडलं. किंदळाच्या नुसत्या काठ्या झाल्या होत्या, उजेडाकडे ताणलेल्या, आणि पुष्कळशी भिरंडं मेली होती. त्या रोपांचं बी मी स्वतः गोळा केलं होतं, आजही त्या कोपऱ्यात गेलं की जीव हळहळतो. युरोपातही ओकला आडोसा म्हणून लावलेले सूचिपर्णी वेळेवर विरळले नाहीत तर ओक असेच गुदमरतात.

म्हणून आडोशाला पांगारा किंवा गिरीपुष्पाचे खुंट लावा. दोघंही नायट्रोजन देतात, दरवर्षी फांद्या छाटून पाला रोपांच्या बुडाशी टाकता येतो. आणि एकाआड एक जात लावू नका. जलद वाढणारी जात शेजारच्या हळू वाढणारीला दाबते. तीन-तीन मीटरवर एकाच जातीची नऊ रोपं, असा चौकोनी पुंजका करा, शेजारी दुसऱ्या जातीचा पुंजका. पुढे प्रत्येक पुंजक्यातलं सगळ्यात सरळ, जोमदार झाड राखायचं. या अंतरानं एकराला साधारण 450 रोपं लागतात. वरच्या थराला किंदळ, माट्टी, नाणा. ओहोळाच्या कडेला जांभूळ. भिरंड मात्र पहिल्या वर्षी लावू नका, दोन पावसाळ्यांनी थोडी सावली आली की त्या पुंजक्यांच्या मधे घाला.

म्हातारे काजू एकदम काढू नका, त्यांची सावली पहिली दोन वर्षं उपयोगी पडते. 1984 च्या कायद्यानुसार गोव्यात खासगी जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते, तेव्हा कोणते काजू कधी काढणार याचा अर्ज आत्ताच वन खात्यात द्या आणि विरळणीबद्दलही तिथेच विचारून घ्या. खड्डे मे महिन्यात, रोपं पहिला पाऊस जमिनीत मुरल्यावर. आणि दर जानेवारीत बांधाच्या कडेनं दोन-तीन मीटर पट्टा गवत काढून उघडा ठेवा. आग शेजारच्या माळावरूनच येते.