नागपुरात चौघांत मिळून छोटं विमान घ्यावं का? आधी ‘नाही’ कोणाचं चालणार ते ठरवा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. नागपुरात राहून हौस म्हणून विमान उडवता येतं का, चार मित्रांत मिळून टू-सीटर घेणं परवडतं का, आणि ‘उन्हाळ्यात इथले हौशी पायलट घाबरून घरी बसतात’ हे खरं का. पहिल्या दोहोंवर सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसलो तो तिसऱ्यासाठी. हे वाक्य मी तोंडावर ऐकलंय, चारचौघांत ऐकलंय, आणि ज्यांनी ते उच्चारलं ते माझ्याच विमानाचे पार्टनर होते.

आधी उन्हाचं सांगतो. सोनेगावचं, म्हणजे नागपूरचं, विमानतळ समुद्रसपाटीपासून 1033 फुटांवर. विमानांच्या हिशेबात एवढ्या उंचीला प्रमाण तापमान धरतात 13 अंश. मे महिन्यात दुपारी इथे 45 असतं, नवतप्यात, म्हणजे मेअखेर सुरू होणाऱ्या नऊ कडक दिवसांत, त्याच्याही वर जातं. हवा तापली की विरळ होते, जणू विमान आणखी उंचावर उभं आहे. दर जादा अंशाला अशी अंदाजे 120 फूट उंची धरली तर 32 अंशांचे झाले 3840. त्यात मूळचे 1033 मिळवा. म्हणजे पंख, पंखा आणि इंजिन, तिघांनाही हवा मिळते ती जवळजवळ 4900 फुटांवरची. चिखलदरा साधारण 3600 फुटांवर आहे. मे महिन्याच्या दुपारी आपली धावपट्टी चिखलदऱ्याच्याही बरीच वर जाऊन बसते, आणि टर्बो नसलेलं छोटं इंजिन तिथे सहावा-सातवा हिस्सा ताकद घालवून बसतं. विमानाला जमीन सोडायला जास्त धाव लागते, चढण मंदावते, तेल आणि कूलंट तापतात. शिवाय अकरानंतर कपाशीच्या मोकळ्या वावरांवरून वावटळी उठायला लागतात आणि विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, दर दोन मिनिटांनी तोंड फिरवतो.

यावरून उन्हाळ्यात उडायचंच नाही असं मुळीच ठरत नाही. पहाटे उडा. सूर्योदयाच्या सुमारास मेमध्येही 29-30 अंश असतात, हवा लोण्यासारखी असते, साडेआठला विमान हँगरमध्ये. सोनेगावच्या 3200 मीटरच्या रनवेवर तर सेस्ना 152 हे शिकाऊंचं छोटं विमान दुपारीही उडेल, चढेल फक्त रडतखडत. प्रश्न येतो तो मायक्रोलाइट म्हणजे अगदी हलकं छोटं विमान, लहान पट्टी आणि भर दुपार एकत्र आल्यावर. आमच्याकडे नेमकं हेच तिन्ही जमून आलं.

आम्ही चौघे. विमान टू-सीटर मायक्रोलाइट, इंजिन 100 हॉर्सपॉवरचं रोटॅक्स 912. पट्टी नागपूरपासून थोडी लांब, मुरमाची, 600 मीटर. टोकाला बाभळींची रांग आणि तिच्यामागे विजेची लाइन. चौघांत ज्यांचे पैसे सर्वांत जास्त त्यांना इथे भाऊ म्हणतो. भाऊंच्या मेडिकलची, म्हणजे उडवायला लागणाऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्राची, मुदत तेव्हा संपलेली होती, त्यामुळे ते स्वतः उडवत नव्हते. पण विमान आपलं आहे हे चार लोकांना दाखवायची त्यांना फार हौस होती. मला त्या हौसेचा राग नाही. हौस नसती तर ते विमान आमच्याकडे आलंच नसतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी दोनच्या सुमाराला ते एका पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे वजनदार, दोन्ही अर्थांनी. सोबत तीन गाड्या, हार, फोटोवाला. भाऊंनी सकाळीच माणूस पाठवून टाक्या काठोकाठ भरून घेतल्या होत्या. मला म्हणाले, "एक चक्कर मारून आणा साहेबांना."

मी हिंगण्याच्या एमआयडीसीत वर्कशॉप चालवतो. पेन खिशातच असतो. तिथल्या तिथे हिशेब केला. आपल्याकडच्या नियमात मायक्रोलाइटचं जमीन सोडतानाचं जास्तीत जास्त वजन 450 किलो. आमचं विमान रिकामं 272. उरले 178. मी 74, पाहुणे कमीत कमी 100. म्हणजे पेट्रोलसाठी उरले चार किलो, पाच-साडेपाच लिटर. टाक्यांत होतं 70 लिटर, पन्नास किलो. सेहेचाळीस किलो जास्त, 44 अंश ऊन, आणि वारा कधी समोरून तर कधी पाठीमागून. मी नाही म्हटलं. पाहुण्यांशी अदबीनेच बोललो, "उद्या सकाळी सहाला या, अर्धं पेट्रोल काढून ठेवतो, एखादा कमी वजनाचा माणूस तुम्हाला फिरवून आणेल."

भाऊ मला बाजूला घेऊन गेले असते तरी चाललं असतं. ते तिथेच म्हणाले, "काहून घाबरून राहिले इतके? साहेबांना असं वापस पाठवू का मी?" मग पाहुण्यांकडे वळून, "आमचे हे पायलट उन्हाळ्यात घरीच बसतात." सगळे हसले.

मी किल्ली टेबलावर ठेवली. आमच्यातला सर्वांत तरुण पार्टनर, हुशार पोट्टा, हात चांगला, तो माझ्याकडे पाहत होता. भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गेला. त्याला मी दोष देत नाही. चोवीस-पंचवीसचं वय, हिश्शाचे निम्मे पैसे भाऊंकडून उसने घेतलेले. तो कसा नाही म्हणणार होता?

विमान उडालं. सुखरूप परतही आलं. पाहुणे खूश, फोटो छान. भाऊ मला म्हणाले, "उडालं ना? आलं ना वापस?" त्यानंतर चौघांच्या प्रत्येक बैठकीत हाच मुद्दा. मेंटेनन्सचा खर्च असो की इन्शुरन्सचा हप्ता, माझ्या शब्दावर शेवटी हेच उत्तर: तुम्ही तर त्या दिवशीही नाही म्हणत होते.

सगळे गेल्यावर त्या संध्याकाळी मी टेप घेऊन पट्टीवर उतरलो. मुरमात चाकांचे माग स्पष्ट होते. हिवाळ्याच्या सकाळी दोघं बसूनही दीडशे मीटरच्या आत हे विमान जमीन सोडतं. त्या दिवशी माग 320 मीटरवर संपले होते, मध्ये एकदा उठून पुन्हा टेकल्याची खूणही होती. पुढे उरले 280 मीटर. पोट्टा मला नंतर म्हणाला की व्हर्टिकल स्पीडचा काटा 200 च्या वर गेलाच नाही, म्हणजे चढण मिनिटाला 200 फूट. वेग ताशी 90 किलोमीटर धरा, सेकंदाला 25 मीटर. 280 मीटर कापायला अकरा सेकंद. अकरा सेकंदांत चढले 37 फूट. बाभळी वीस-बावीस फूट उंच आहेत. त्यांच्यावरून पंधरा फुटांनी दोन माणसं आणि 70 लिटर पेट्रोल गेलं, आणि लाइन चुकवायला त्याला तेवढ्यातच डावीकडे कलावं लागलं. वळताना चढण आणखी कमी होते, हे तुम्ही पहिल्याच पाठात शिकाल. त्याच क्षणी पाठीमागून एक झुळूक आली असती तर?

सुखरूप परत येणं म्हणजे निर्णय बरोबर असल्याचा पुरावा, हे मला कुणीच पटवू शकणार नाही. निर्णय चाकं फिरायच्या आधी होतो, तेव्हा हातात जेवढं माहीत असतं त्यावर. तेव्हा हातात वजनाचा हिशेब होता, थर्मामीटर होतं, विंडसॉक होता. तिन्ही ‘नाही’ म्हणत होते. भाऊंचा एक मुद्दा मी मान्य करतो: असले सांगाडे बाहेरच्या देशांत पुष्कळदा 450 पेक्षा जास्त वजनाला मंजूर असतात, त्यामुळे पंख मोडण्याची भीती नव्हती. मलाही ती नव्हती. माझी भीती बाभळींची होती. आणि जास्त वजनाने उडालेल्या विमानाला काही झालं असतं तर इन्शुरन्सवाल्यांनी पहिल्यांदा वजनाचाच कागद मागितला असता.

वर्षभराने मी माझा हिस्सा विकला. आता क्लबचं विमान तासावर घेऊन उडतो.

आता तुमचं काम. नागपुरात हौस म्हणून उडता येतं. सोनेगावला नागपूर फ्लाइंग क्लब आहे, आधी तिथे जाऊन चौकशी करा. गोंदियाजवळ बिरसीलाही प्रशिक्षण चालतं, पण तिथला भर व्यावसायिक पायलट घडवण्यावर आहे. पीपीएल म्हणजे खाजगी परवान्याला वय 17 पूर्ण, क्लास टू मेडिकल, डीजीसीएची (विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या सरकारी खात्याची) परीक्षा, रेडिओचा परवाना आणि किमान 40 तास उड्डाण, त्यात 10 सोलो म्हणजे एकट्याने. तासाचा दर पाच आकडी असतो, म्हणून काही लाख वेगळे ठेवूनच सुरुवात करा. मध्ये पैसे संपून थांबलात तर पुन्हा सुरू करताना हात मागे गेलेला असतो आणि तेच तास दुसऱ्यांदा भरावे लागतात.

विकत घ्यायचं तर परवाना हातात आल्यावर निदान एक वर्ष भाड्याच्या विमानावर काढा. माझं स्पष्ट मत आहे: वर्षाला शंभर तासांच्या खाली उडणाऱ्याने एकट्याने विमान घेऊ नये. उभं राहिलेलं इंजिन आतून गंजतं, आणि पावसाळ्यात तर फारच. हँगर, इन्शुरन्स, विमान उडण्यायोग्य असल्याचं दरवर्षीचं एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट, ठराविक तासांची तपासणी, हे विमान हललं नाही तरी चुकत नाही. चौघांत हे विभागलं जातं, इंजिनही फिरतं राहतं. म्हणून पार्टनरशिपच्या मी विरोधात नाही. मी विरोधात आहे तो चौघं मित्र आहेत म्हणून काही न लिहिता हिस्से काढण्याच्या.

इंधनाचंही आत्ताच बघून ठेवा, कारण चौघांत दुसरं भांडण त्यावरच होतं. रोटॅक्स मोटारीच्या पेट्रोलवर चालतं, पण कंपनीची मंजुरी 10 टक्के इथेनॉलपर्यंतच. आता पंपावर मिळतं 20 टक्क्यांचं. इथेनॉल पाणी धरतं, रबराच्या नळ्या खातं, आणि आपल्या उन्हात व्हेपर लॉकचा, म्हणजे नळीतच इंधनाची वाफ होऊन पुरवठा अडण्याचा, धोका वाढवतं. गाडीत ते चालत असेल, विमानात मी ते घालू देणार नाही, मग पार्टनर कितीही म्हणो की ‘आपल्या नागपूरचंच इथेनॉल आहे’. तुमच्या जवळपास एव्हगॅस, म्हणजे विमानांचं खास पेट्रोल, मिळतं का ते पाहा. इंडियन ऑइल 2022 पासून बडोद्याला ते बनवू लागलं आहे, त्याआधी सगळं बाहेरून यायचं. पण एव्हगॅसमध्ये शिसं असतं, त्यामुळे रोटॅक्सचं तेल दर 50 तासांनी बदलावं लागतं. तो खर्च धरून चला.

करारात काय लिहायचं? पैशांची कलमं वकील लिहून देईल. एक कलम तुम्ही स्वतः सांगून घाला: जो पायलट-इन-कमांड, म्हणजे त्या उड्डाणाची जबाबदारी असलेला पायलट आहे, त्याने उड्डाण नाकारलं तर ते नाकारलं गेलं, त्याच दिवशी, त्याच लोडवर, दुसऱ्या कुठल्याही पार्टनरने ते उडवायचं नाही, आणि कारण द्यायची सक्ती नाही. दुसरं कलम: ज्याचं मेडिकल किंवा परवाना चालू नाही त्याला उड्डाण ठरवण्यात मत नाही, हिस्सा कितीही असो. तिसरं: एका पार्टनरने दुसऱ्याला हिश्शासाठी पैसे उसने द्यायचे नाहीत. या तिसऱ्यावर लोक हसतात. त्या पोट्ट्याला त्या दुपारी नाही म्हणता आलं नाही ते त्या उसन्या पैशांमुळे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भाऊ हे वाचत असतील तर त्यांनी त्यांच्या नव्या पार्टनरांसोबत तरी ही तीन कलमं करावीत. मोजमापाचा कागद मी त्यांना दोनदा दिला, त्यांनी तो उघडूनसुद्धा पाहिला नाही.

थोडं राहिलं. वर दिलेलं वजन आणि धाव आमच्या विमानाची आहे. तुमच्या विमानाचा आकडा तुमच्या वजनपत्रकात आणि मॅन्युअलमध्ये सापडेल, तो घ्या. खाजगी नोंदणीच्या विमानात पाहुण्याकडून पैसे घेता येत नाहीत, पेट्रोलच्या नावाखालीही नाही. नियम बदलत राहतात, म्हणून डीजीसीएचं चालू परिपत्रक स्वतः वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका. शिकायला सुरुवात ऑक्टोबरमध्ये करा. पाऊस उघडलेला असतो, ऊन उतरलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत काही सकाळी धुक्यात जातील तेवढंच. फेब्रुवारीअखेर सोलो झालात तर पहिला मे महिना इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असतानाच बघायला मिळेल, आणि त्यांना एका दुपारी मुद्दाम घेऊन जायला सांगा.