बहिणीने दुसरं लग्न केलं तर फॅमिली पेन्शन बंद होते का?

तुमचे भाऊजी केंद्र सरकारी नोकरीत असतानाच गेले, बहिणीच्या पदरी सात वर्षांचा मुलगा आहे, स्थळ चांगलं आलंय, पण पेन्शन जाईल म्हणून घरचे अडून बसलेत, असं तुम्ही लिहिलंय. मी पेन्शन विभागात नोकरी केली आहे. याच भीतीने ठरता ठरता राहिलेली लग्नं पाहिली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो.

बहिणीच्या नावची पेन्शन लग्न झालं की थांबेल, हे खरं. पण २०२१ च्या केंद्रीय पेन्शन नियमांतील नियम ५० प्रमाणे ती मुलाच्या नावे सुरू होते, आणि तीही कमी न होता. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर पहिली १० वर्षं शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के आणि पुढे ३० टक्के, हाच दर मुलालाही लागू राहतो. तो २५ वर्षांचा होईपर्यंत, किंवा त्याआधी त्याचं लग्न झालं वा तो कमावता झाला तर तोपर्यंत. मुलगा अज्ञान आहे तोवर पैसे पालकामार्फत मिळतात, आणि दुसरं लग्न केलं म्हणून आईचं पालकत्व जात नाही.

मूलबाळ नसतं तर बहिणीची स्वतःची पेन्शन लग्नानंतरही चालू राहिली असती; अट एवढीच, की तिचं इतर उत्पन्न दरमहा ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा कमी हवं.

खासगी नोकरीतल्या ईपीएस-९५ मध्येही (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) विधवेची पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबते, पण मुलांना अनाथ पेन्शन मिळते. मुलांना एरवी विधवा पेन्शनच्या २५ टक्के मिळतात, अनाथ पेन्शन ७५ टक्के असते. राज्य सरकारांचे आणि सैन्याचे नियम वेगळे आहेत, ते यात धरू नका. पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचे मिळालेले पैसे मात्र कुणी परत मागत नाही.

लग्न लपवून पेन्शन घेत राहा, असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्यात, अगदी जीवन प्रमाणच्या ऑनलाइन फॉर्ममध्येही, पुनर्विवाह झाला आहे का हे विचारतात. तिथे खोटं लिहिलं तर पुढे सगळी जादा रक्कम वसूल होते, आणि मुलाच्या नावचं काम रखडतं ते वेगळंच.

लग्नाची तारीख धरण्याआधी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) काढून त्यात मुलाचं नाव आहे का ते बघा. नसेल तर त्याचा जन्मदाखला घेऊन भाऊजींच्या कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या.